बोललं तेवढंच जमेला

मुरलेल्या मेंढीकोटवाल्याला ब्रिजच्या टेबलाशेजारी पाच मिनिटं बसवलं, की तो हमखास एकच प्रश्न विचारतो. पानं वाटून झाली, भिडू समोरासमोर बसले, मग उतारी का होत नाही? हे चौघं आधी इतका वेळ काय बोलत बसलेत?

प्रश्न रास्त आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेडला, जिंतूरला, पाथरीला, कुठंही उन्हाळ्याच्या दुपारी लिंबाच्या सावलीत चौघं बसली की पानं पिसायची, काटायची, वाटायची आणि सुरू. बोलणं तिथंही भरपूर असतं, पण ते समोरच्याला डिवचण्याचं. खेळायच्या आधी खेळाबद्दल बोलायचं ही कल्पनाच पारावर परकी वाटते. इथली वृत्ती म्हणाल तर ती गावाच्या नावानेच प्रसिद्ध झालेली आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर आपली परभणी आहेच.

या वृत्तीला पत्त्यांच्या खेळात नेमकी किती किंमत आहे, हे मात्र काढता येतं. बोली आणि गुण ही त्यासाठीचीच यंत्रणा आहे.

१. मेंढीकोट: बोलीविना डाव

सुरुवात ओळखीच्या घरापासून. मेंढीकोटात चौघांना तेरा-तेरा पानं मिळतात. समोर बसलेला तो आपला भिडू. उतारी ज्या जातीची, त्याच जातीचं पान टाकायचं; ते नसेल तर हुकमाने मारायचं किंवा एखादं फालतू पान द्यायचं. चार पानांत जो वरचढ, त्याचा हात. दश्शी म्हणजे मेंढी, आणि लढाई चार मेंढ्यांसाठी. तीन पकडल्या की डाव जिंकला, चारही पकडल्या की कोट. दोन-दोन अशी वाटणी झाली तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, ते जिंकले. हात एकूण तेरा, म्हणजे विषम, त्यामुळे बरोबरीचा तंटा उरतच नाही. ज्याने हा नियम बसवला त्याला भांडणं मिटवण्याचा अनुभव असणार.

हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. एकीत कुणाकडे उतारीची जात संपली की तो जे पान टाकेल, तो हुकूम. दुसरीत एक खेळाडू आपलं एक पान उपडं झाकून ठेवतो आणि ते उघडेपर्यंत हुकूम गुपित राहतो. हा बंद हुकूम म्हणजे बोलीचं बी आहे. खेळाडूने आपली पानं पाहून एक निर्णय आधीच घेतला, फक्त तो तोंडाने सांगितला नाही.

पण मेंढीकोटात एक उणीव राहते. एका जोडीने तीन मेंढ्या कशाबशा पकडल्या काय किंवा सहज पकडल्या काय, डाव तोच. हातात चारही एक्के आले तर जिंकण्यात कसब कोणतं? आणि भिकार पानं आलेल्या जोडीने एक मेंढी वाचवली, तर तिच्या कौशल्याची नोंद कुठे? नोंद एवढीच, की हरलेल्यांनी पुन्हा पिसायचं.

२. तीनशे चार: आकडा आधी सांगा

कोकण किनाऱ्यावर आणि खाली तामिळनाडू-श्रीलंकेपर्यंत एक खेळ चालतो, तीनशे चार. बत्तीस पानं, चौघांना आठ-आठ. इथे गुलाम सगळ्यांचा बाप: त्याचे ३० गुण. नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २, अठ्ठी-सत्ती फुकट. एका जातीची बेरीज ७६, चार जातींची ३०४. खेळाचं नाव म्हणजे त्याची बेरीजच.

यात पहिली चार पानं हाती आली की बोली सुरू होते. आपली जोडी इतके गुण काढील, असं एकाने म्हणायचं. दुसऱ्याने त्याच्यावर जायचं किंवा गप्प राहायचं. सर्वांत मोठं बोलणाऱ्याला हुकूम ठरवायचा मान मिळतो. पण मान फुकट नसतो. निम्मे गुण १५२ होतात आणि बोली साधारण १६० पासून सुरू होते, म्हणजे बोलणाऱ्याला निम्म्याहून जास्त काढून दाखवावेच लागतात. केरळातला अठ्ठावीस आणि बंगालातला एकोणतीस हे याच कुळातले. तिथे आकडे लहान आहेत, तत्त्व तेच.

मेंढीकोटात नसलेली गोष्ट इथे आली. एकाच पानांवर एक जण १७० बोलेल, दुसरा २००. पानं नशिबाची, आकडा आपला.

३. लिलाव उघडा, हत्ता झाकलेला

मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यात कापसाचा लिलाव पाहिलेल्याला बोली समजावून सांगावी लागत नाही. एक आकडा पुकारला जातो, दुसरा त्याच्या वर जातो, शेवटी कुणीतरी थांबतो. ब्रिजमधली बोली बाहेरून तशीच दिसते. फरक असा, की मोंढ्यात प्रत्येक व्यापारी स्वतःपुरता बोलतो आणि पत्त्यांत समोर एक भिडू बसलेला असतो. त्याची पानं दिसत नाहीत, पण नफा-तोटा दोघांच्या नावावर चढतो. म्हणून पत्त्यांतली बोली हा सौदाही असतो आणि संवादही.

अशा सौद्याचा एक जुना प्रकार खेड्यापाड्यांत माहीत आहे. बैलबाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. धान्याच्या व्यापारात याला हत्ता म्हणत. नियंत्रित बाजार समित्या आल्यावर उघड लिलावाचा नियम झाला, कारण झाकलेल्या सौद्यात शेतकरी नागवला जाई. ब्रिजचा नियम बाजार समितीसारखा आहे. भिडूंनी आपसांत सांकेतिक भाषा ठरवायला पूर्ण मुभा आहे, पण त्या भाषेचा अर्थ विरोधकांनी विचारला तर सांगावाच लागतो. रुमाल चालत नाही.

पत्त्यांत लिलाव शिरला तो हिंदुस्थानात, असं सांगितलं जातं. इंग्रजी अमदानीत आडबाजूच्या ठाण्यावर अडकलेल्या तीन सनदी अधिकाऱ्यांना चौथा भिडू मिळेना, म्हणून त्यांनी चौथ्याची पानं लिलावाला काढली, अशी ती कथा. खरीखोटी कशीही असो, कंटाळलेल्या साहेबांचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

४. अडतीस शब्दांची भाषा

आता ब्रिज. बावन्न पानं, तेरा-तेरा, भिडू समोरासमोर; इथवर मेंढीकोटच. मेंढ्या मात्र नाहीत, फक्त हात मोजायचे. तेरापैकी पहिले सहा हात गृहीत धरलेले, त्यांचं कौतुक नाही. ‘एक बदाम’ अशी बोली म्हणजे बदाम हुकूम करून सहा अधिक एक, असे सात हात करण्याचं वचन. ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा हात. ‘सात’ म्हणजे तेराच्या तेरा.

जातींना चढती भाजणी आहे: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम, म्हणजे हुकूमच नाही. सात पायऱ्या, प्रत्येकीवर पाच प्रकार. एकूण ३५ बोल्या. त्यांत पास, डबल आणि रिडबल मिळवले की ३८. भाषेचा सगळा शब्दकोश एवढाच. आणि या अडतीस शब्दांत वर्णन कशाचं करायचं? बावन्न पानांतून तेरा पानं किती तऱ्हांनी येऊ शकतात, हे मोजलं तर संख्या ६३ हजार ५०० कोटींच्या घरात जाते.

शब्द अपुरे असले की माणसं एकाच शब्दाला वेगवेगळे अर्थ देतात. ब्रिजमध्ये तेच झालं. पानांची ताकद मोजायची सर्वमान्य रीत अशी: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. एका जातीत १०, अख्ख्या जोडात ४०, म्हणजे माणशी सरासरी १०. यावर पहिली बोली ठरते. बऱ्याच जोड्यांमध्ये ‘एक बिनहुकूम’ याचा अर्थ असतो: माझ्याकडे १५ ते १७ गुण आहेत आणि चारही जाती साधारण सारख्या वाटल्या गेल्या आहेत.

समजा, दक्षिणेला बसलेल्याची पानं अशी: इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वी, चौकी, बदामचे एक्का, सत्ती, तिर्री, चौकटचे एक्का, गुलाम, पंजी, किलवरचे राजा, अठ्ठी, दुर्री. गुण १६. तो ‘एक बिनहुकूम’ म्हणतो. समोर उत्तरेकडे इस्पिकचे एक्का, राणी, सत्ती, तिर्री. बदामचे राजा, छक्की. चौकटची अठ्ठी, छक्की, चौकी, दुर्री. किलवरचे गुलाम, सत्ती, पंजी. गुण १०. त्याचं गणित सोपं आहे: भिडूचे किमान १५, माझे १०, झाले २५. मोठी बोली परवडते. पण हुकूम कोणता?

तो म्हणतो, ‘दोन किलवर.’ मेंढीकोटवाला इथे चक्रावतो, कारण या माणसाकडे किलवरचा एक गुलाम सोडला तर काहीच नाही. खरं तर ही बोलीच नव्हे, हा प्रश्न आहे: भिडू, तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिक चार आहेत का? ही युक्ती जॉर्ज रापे या अमेरिकी खेळाडूने काढली. १९४५ मध्ये त्याचा भिडू सॅम्युएल स्टेमन याने तिच्यावर लेख लिहिला आणि नाव स्टेमनचं पडलं. भिडूपणाचा असाही एक फायदा असतो. दक्षिण उत्तर देतो, ‘दोन इस्पिक.’ म्हणजे आहेत. उत्तर उडी मारतो: ‘चार इस्पिक.’

चार शब्दांत दोघांनी सव्वीस पानांचा सारांश एकमेकांना सांगितला, तोही दोन्ही विरोधकांच्या तोंडावर.

५. बनी तो बनी, पण शंभरात किती वेळा?

उत्तरने उडी का मारली? दोन इस्पिकवर थांबला असता तर आठच हात करायचे होते. त्या पानांत आठ हात जवळपास पक्के आहेत. चार बोललं की चिंता. याचं उत्तर पानांत नाही, गुणांच्या कोष्टकात आहे.

१९२५ च्या नोव्हेंबरात हॅरल्ड व्हँडरबिल्ट हा अमेरिकी धनिक ‘फिनलंड’ नावाच्या बोटीने पनामा कालव्यातून हवानाला निघाला होता. सोबत पत्ते खेळणारे तीन मित्र आणि त्याने स्वतः तयार केलेलं नवं कोष्टक. तोवरच्या ऑक्शन ब्रिजमध्ये केलेले सगळे हात जमेला धरले जात, मग ते बोललेले असोत वा नसोत. साहजिकच शहाणा माणूस कमी बोलायचा आणि जास्त काढायचा. व्हँडरबिल्टने एका फ्रेंच खेळातली कल्पना उचलून नियम उलटवला: डाव पूर्ण करण्यासाठी बोललं तेवढंच जमेला. न बोलता जास्तीचे हात काढले तर किरकोळ गुण मिळतील, मोठं बक्षीस मिळणार नाही.

आजच्या कोष्टकाचा गाभा असा. किलवर-चौकटच्या प्रत्येक हाताला २०, बदाम-इस्पिकच्या हाताला ३०. बिनहुकमात पहिल्या हाताला ४० आणि पुढच्यांना ३०. बोललेल्या हातांची बेरीज १०० झाली की गेम, त्याचं बक्षीस ३००. त्याखाली राहिलात तर बक्षीस फक्त ५०. एक हात कमी पडला तर दंड ५०.

आता वरच्या डावाचा हिशेब. चार इस्पिक बोलून दहा हात केले: चार गुणिले तीस १२०, अधिक ३००, एकूण ४२०. दोनच बोलून दहा हात केले: १२० अधिक ५०, म्हणजे १७०. भित्रेपणाची किंमत २५०. उलट बाजूला, नऊच हात झाले तर चार बोलणाऱ्याला उणे ५० आणि दोन बोलणाऱ्याला १४०. धाडसाची किंमत १९०. मिळाले तर २५०, गेले तर १९०. म्हणजे असा डाव शंभरात ४४ वेळा साधला तरी मोठी बोली तोट्यात जात नाही.

मराठवाड्यातला शेतकरी धूळपेरणी करतो तेव्हा हेच गणित डोक्यात चालू असतं. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे. नाही आला तर दुबार पेरणी. पाऊस येण्याची खात्री नसते, पण बियाण्याचा खर्च आणि साधलं तर होणारा फायदा यांचं प्रमाण त्याला ठाऊक असतं.

कोष्टकात आणखी एक पेच आहे. काही डावांत जोडी ‘असुरक्षित’ असते. स्पर्धेत ते आधीच छापून ठरलेलं असतं. असुरक्षित असताना गेमचं बक्षीस ५०० होतं आणि पडलेल्या प्रत्येक हाताचा दंड १००. हा शब्द त्या बोटीवरच्या एका तरुण प्रवासी स्त्रीने सुचवला, असं व्हँडरबिल्टने सांगून ठेवलं आहे. ऐकताना वाटतं, असुरक्षित असताना जपून बोलावं. हिशेब नेमका उलटा येतो: मिळाले तर ४५०, गेले तर २४०. शंभरात ३५ वेळा साधलं तरी पुरे.

मात्र आणखी वर गेलं की कोष्टक कडक होतं. बारा हातांच्या बोलीला स्लॅम म्हणतात. बदाम-इस्पिकच्या हुकमात, जोडी असुरक्षित नसेल तर, त्यात मिळणारं आणि जाणारं बरोबर सारखं, ५००-५००. म्हणजे नाणं उडवल्यागत. तेराच्या तेरा बोलायचे तर तीनपैकी साधारण दोन वेळा साधायला हवं. परभणीची म्हण नऊ-दहा हातांच्या वेशीवर चालते, तेराव्या हाताला चालत नाही.

६. हरण्यासाठी लावलेली बोली

विरोधक असुरक्षित आहेत, त्यांनी चार इस्पिक बोलले आणि ते होणार हे उघड आहे. त्यांना ६२० मिळणार. अशा वेळी आपण पाच किलवर बोललो तर? अकरा हात होणार नाहीत, आठच होतील. विरोधक ‘डबल’ म्हणतील, म्हणजे दंड वाढवा. आपण असुरक्षित नसू तर डबल झालेल्या पहिल्या हाताला १००, दुसऱ्या-तिसऱ्याला २००-२००; तीन हात पडले की ५००. ६२० द्यायचे होते, ५०० देऊन सुटलो. चौथा हात पडला तर मात्र ८०० गेले आणि भिडूची नजर चुकवावी लागते.

७. खोकला, मिशी आणि बुटाची टोच

मेंढीकोटात भिडूला खुणावणं हा अर्धा खेळच असतो. हुकमाचा एक्का असला की खोकला येतो, राजा असला की मिशीवर हात जातो, आणि समोरचे ओरडले की सगळ्यांनाच एकदम खोकला लागतो. घरगुती डावात ते गमतीत खपतं. ब्रिजमध्ये बोलीचा सगळा डोलारा ‘अर्थ उघड असावा’ यावर उभा असल्याने ते खपत नाही. आवाजाच्या चढ-उतारातूनही संदेश जातो, म्हणून स्पर्धांत तोंडाने बोलतच नाहीत; छापील बोल्यांची पत्रं पेटीतून काढून मुकाट्याने टेबलावर ठेवतात.

१९७५ च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत तर टेबलाच्या मधोमध आडवा पडदा लावला, म्हणजे भिडूला भिडू दिसूच नये. तेव्हा इटलीच्या एका जोडीतला खेळाडू टेबलाखाली भिडूच्या बुटांना पायाने स्पर्श करताना आढळला. समितीने कडक समज दिली आणि मग टेबलांखालीही आडोसे आले. अजिंक्यपद इटलीनेच नेलं.

८. तीच पानं, दुसरं टेबल

चांगली पानं आली म्हणून जिंकले, ही तक्रार ब्रिजने एका साध्या युक्तीने मिटवली. स्पर्धेत खेळलेली पानं गोळा करून पिसत नाहीत. प्रत्येकाची तेरा पानं एका पेटीच्या चार खणांत जशीच्या तशी ठेवून पेटी पुढच्या टेबलाकडे जाते. तिथली जोडी त्याच पानांवर बोलते, खेळते, आणि तुलना होते ती त्याच पानांवर बसलेल्या इतर जोड्यांशी. सगळ्यांची पानं भिकार असतील तर जो कमी हरला तो जिंकला. मेंढीकोटात एक मेंढी वाचवणाऱ्याला न मिळालेला न्याय इथे मिळतो.

म्हणूनच हा खेळ आशियाई क्रीडास्पर्धेत गेला. २०१८ मध्ये जकार्ताला पुरुष जोडीचं सुवर्णपदक ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारताला मिळवून दिलं. दोघंही बंगालचे, म्हणजे एकोणतीस खेळणाऱ्या मुलखातले. २०२३ मध्ये हांगझोला भारताच्या पुरुष संघाने रौप्य मिळवलं. त्या संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते.

९. घरची वही

ब्रिज शिकायला वेळ लागतो. बोलीची चव मात्र मेंढीकोटच्या चौकडीला आज संध्याकाळीही घेता येईल. मेंढ्या बाजूला ठेवायच्या आणि किती हात करणार ते आधी बोलायचं. सर्वांत मोठं बोलेल त्याचा हुकूम. बोललेल्या प्रत्येक हाताला १० गुण, वरच्या हाताला १, आणि बोली पडली तर बोललेले सगळे गुण वजा.

हे कोष्टक चार दिवस चालवलं की एक गोष्ट लक्षात येईल: कुणी मोठं बोलतच नाही. आठ बोलून दहा केले तर ८२, दहा बोलून दहा केले तर १००; फायदा फक्त १८. नऊवर अडकलं तर मात्र ८१ मिळायचे ते राहिले आणि १०० गेले, एकूण फटका १८१. शंभरात ९१ वेळा साधणार असेल तरच दहा बोलायचे. एवढी खात्री कुणाला असते? मग पाचव्या दिवशी दहा किंवा जास्त बोलून तेवढे करून दाखवणाऱ्याला शंभर गुणांचं बक्षीस जाहीर करावं. खात्रीचा आकडा ९१ वरून ६१ च्या आसपास उतरतो आणि कालपर्यंत आठाच्या वर न गेलेला काका बेधडक अकरा बोलू लागतो. पानं तीच असतात, काकाही तोच.

वही मात्र मागे पडलेल्या जोडीकडे द्यावी. पुढे असणाऱ्यांच्या हातून बेरीज चुकते, आणि चुकली की नेहमी एकाच बाजूला चुकते.